बसायचे पैसे

माझी चंदा परभणीच्या कॉलेजात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. सहा महिने कारखान्यात इंटर्नशिप करायची, त्याचं विद्यावेतन मिळायचं, अन् कामाची रोजची डायरी भरून दिली तरच पास. तिला देवगाव फाट्याजवळचा डीपी दुरुस्तीचा कारखाना मिळाला. पोरगी हरखून गेली. आमच्याकडं डीपी, म्हणजे गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली की आठ-आठ दिवस अंधार. "माय, जळालेल्या डीपीच्या पोटात काय असतंय ते मला हात लावून बघायचंय," म्हणायची.

पहिल्या दिवशी दहाला गेली अन् दुपारी बाराला परत.

"काय गं, सुट्टी?"

"सहा महिन्यांची. कारखान्यातले बन्सीधर सर म्हणाले, रोज यायची गरज न्हाई. महिन्याला एकदा सही घ्यायला या. पैसे खात्यात येतेत."

सोबत सरांनी मागच्या वर्षीच्या कुण्या पोराची भरलेली डायरीही दिली होती, उतरून काढायला. 'आज कॉइल गुंडाळली. आज तेल बदललं.' त्या पोरानं कॉइल स्वप्नात तरी पाहिली होती का, देव जाणे.

आमचे मालक, चंदाचे वडील, मात्र खूश. "लय झ्याक. आपल्या मेंढरागत. नुसतं बसायचं अन् पैसे."

आमचा धंदाच तो. लोकांच्या वावरात रात्रभर मेंढरं बसवायची, शेताला खत होतं, वावरवाला पैसे देतो.

मी म्हणाले, "मेंढरं बसायचे पैसे घेतेत, पण सकाळी लेंड्या तरी ठेवून जातेत. ही काय ठेवणार?"

मालक तंबाखू मळत बसले.

ती डायरी मी उतरू दिली नाही. देवापुढं रोजचा अध्याय वाचल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही, अन् त्याच देव्हाऱ्याजवळ बसून पोरीनं खोटं लिहायचं?

"मग काय लिहू? कोरी दिली तर नापास."

"केलं ते लिही."

तिनं लिहिलं. सोमवार: मेंढरांना पाणी पाजलं. मंगळवार: कोकराच्या पायातला काटा काढला. बुधवार: लोकर कातरली. गुरुवार: गावची डीपी जळाली. लांबून पाहिली.

महिना भरल्यावर मीही सोबत गेले. बाहेर पत्र्याच्या शेडात उघड्या डीप्या पडलेल्या, दोन म्हातारे कामगार घामानं निथळत होते. आत गारेगार खोलीत टेबलावर डायऱ्यांचा गठ्ठा. सर फोनवर बोलत बोलत पानं उलटत होते. सही, शिक्का. सही, शिक्का. चंदाच्या डायरीवरही सही, शिक्का, अन् शेवटी शेरा: 'प्रगती समाधानकारक.'

"साहेब, जरा वाचता का?" मी हळूच म्हणाले.

"सगळ्यांचं सारखंच असतंय, मावशी. घरबसल्या पगार, अजून काय पाहिजे?"

"एवढं गुरुवारचं पान."

त्यांनी वाचलं. फोन ठेवला. मग बुधवार वाचला, मंगळवार वाचला. शिकल्यासवरल्या माणसाला वाचता येतं, हे बघून बरं वाटलं.

"हे काय? मेंढरं?"

"तुमच्या शिक्क्याची हायत."

त्यांनी पान फाडायला धरलं. चंदा म्हणाली, "सर, पानांवर कॉलेजचे नंबर हायत. कमी पडलं तर विचारतील."

"तुमाला पाहिजे तरी काय?"

"काम," मी म्हणाले. "उद्यापासून तिला शेडात घ्या."

"मावशी, तिथं तेल, घाण. पोरीबाळीचं काम हाय का ते?"

"अडलेल्या मेंढीची सुटका करती ती, साहेब. तेलाला भिती काय?"

दुसऱ्या दिवशी चंदा संध्याकाळी परतली. कोपरापर्यंत काळी, नखांत वार्निश. सीताराममामा नावाच्या शेडातल्या एका म्हाताऱ्यानं तिला डीपी उघडून दाखवली होती. जेवायच्या आधी तिनं डायरी ओढली. 'आज डीपी उघडली. आतलं पुस्तकातल्या चित्रासारखं नव्हतं.'

घरातली पहिली कमाई पोखर्णीच्या नरसिंहाला वाहायची आमची रीत. मालक पहिल्या महिन्याचे पैसे घेऊन निघायच्या तयारीत होते. मी पिशवी काढून घेतली.

"हे न्हाई. ह्या महिन्याचे येऊ द्या."

त्याच कारखान्यात नेमलेली तिच्या वर्गातली नऊ पोरं घरी बसून अजून डायरीत कॉइल गुंडाळायलीत. सगळ्यांची प्रगती समाधानकारक हाय म्हणे.