डावीकडची खोली

बोटीच्या सहलीचं बुकिंग करायला आम्ही तिघं गेलो, म्हणजे तिथंच सगळं फिसकटलं होतं. जायचं होतं दोघांनीच.

माझं लाँड्रीचं दुकान आहे. अर्धं आयुष्य वाफेच्या इस्त्रीसमोर उभं राहण्यात गेलं. उन्हाळ्यात तर गिऱ्हाईक कपडे टाकतं आणि पळ काढतं. त्यामुळे सुट्टी म्हटली की लोकांना समुद्रकिनारा आठवतो, मला बर्फ. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, यंदा निवृत्त झाला. हिमनदी समुद्राला कशी मिळते हे त्यानं जन्मभर फळ्यावर काढून दाखवलं, पण स्वतः हा गृहस्थ फ्रीजमधल्या बर्फापलीकडे गेलेला नाही. म्हटलं, एकदा बोटीनं जाऊ, कुडकुडत डेकवर उभं राहू आणि आठ दिवस फक्त एकमेकांशी बोलू. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. पण नणंद राहायला आल्यापासून आम्ही दोघंच असे कधी बोललोच नव्हतो, आणि मला ते हवं होतं. अगदी हट्टानं हवं होतं.

नणंद म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. त्यांचे यजमान गेल्यावर चार दिवस म्हणून आल्या, त्याला अकरा वर्षं झाली. बाई वाईट नाहीत, हीच तर पंचाईत. भांडखोर असत्या तर मी केव्हाच तोंड सोडलं असतं. पण माझे पाय दुखले की त्या न सांगता गरम पाण्याची पिशवी आणून देतात. दुकानातून यायला उशीर झाला तर माझ्यासाठी जेवायच्या थांबतात. आणि आम्ही दोघं कुठंही जरा टेकलो, की "काय चाललंय?" म्हणत खुर्ची ओढून मधोमध बसतात.

जेवताना सहलीचा विषय निघाला तेव्हा मी तोंडदेखलं म्हणून गेले, "ताई, तुम्हीपण चला की." आमच्या घरात या वाक्याचं उत्तर ठरलेलं आहे. समोरच्यानं म्हणायचं, "नको गं, तुम्ही दोघं या जाऊन." मग आपण आणखी एकदा आग्रह करायचा आणि विषय मिटवायचा. ताईंनी चमचा खाली ठेवला. म्हणाल्या, "कधी निघायचं?" मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मन लावून जेवत होता.

बुकिंगच्या बाई तरुण होत्या, गोड बोलणाऱ्या आणि घाईत.

"मोठी बोट घेतलीत तर आत थिएटर, पोहायला तलाव, सगळं आहे. छोटीवर यातलं काही नाही, पण ती बर्फाच्या अगदी जवळ जाते."

"छोटी," मी म्हणाले.

"जाताना किनारा डाव्या हाताला असतो. म्हणून डावीकडची गॅलरीची खोली घ्या. अंथरुणातून हिमनदी दिसते."

"हिमनदी नाही, तिचं फक्त तोंड दिसतं," नवरा म्हणाला. निवृत्त झाला तरी तास चालूच.

मी तोवर त्या गॅलरीत जाऊन उभीसुद्धा राहिले होते.

"म्हणजे तुम्हा दोघांना ही, आणि ताईंना शेजारची एकटीची?" बाईंनी विचारलं.

ताई माझ्याकडे सरकल्या. "पाण्यावर एकटीनं झोपायचं? मला नाही बाई जमणार."

"याच खोलीत तिसरा पलंगही निघतो. भिंतीतून खाली येतो."

"मग झालं तर!" नवरा म्हणाला, आणि चक्क खुशीत म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी तरी चडफड असेल म्हणून मी कान दिला. नव्हती. उलट माणूस सुटल्यासारखा दिसत होता. आठ दिवस बायकोशी काय बोलायचं याची त्याला धास्ती असणार, ती बहिणीनं परस्पर मिटवली होती. हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं आणि फार लागलं.

"आतली एखादी खोली आहे का?" मी बाईंना विचारलं. "एकटीची?"

"आहे, पण तिला खिडकी नाही हं, मॅडम. अजिबात नाही."

"चालेल. ती मला द्या. हे दोघं भाऊ-बहीण बघतील बर्फ."

"अगं, असं काय करतेस?" नवरा म्हणाला. "खिडकीच नसली तर तुला बर्फ दिसणार कसा?"

"अहो, फळ्यावर काढून दाखवा."

बाईंनी पडद्यावर ती खोली आणली. दोन अरुंद पलंग, एक दिवा, चारी बाजूंनी भिंत. खरं सांगते, मला ती आवडली. नवरा नाही तर नाही, निदान मी तरी माझ्या वाट्याला येईन, असं वाटून रागातसुद्धा जरा हलकं वाटलं.

ताईंकडे पाहिलं तर डोळे भरलेले.

"माझ्यापायी तू खिडकी सोडतेस?" त्या म्हणाल्या. "सख्खी बहीण करणार नाही गं एवढं. पण तुला त्या कोंदट खोलीत एकटीला टाकून मी बर्फ बघत बसू? मी काय माणूस नाही?" आणि बाईंकडे वळून म्हणाल्या, "आतल्या खोलीत आम्ही दोघी. हा घोरतो, त्याला द्या ती गॅलरी."

"हे उत्तम," नवरा म्हणाला.

मला ओरडून सांगायचं होतं, की अहो ताई, हा त्याग नाही, हा संताप आहे, आणि तो तुमच्यावरच आहे. पण त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला होता.

"ताई, तुम्हाला खिडकी हवी ना," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"तू असलीस की खिडकी कशाला गं मला?"

मनापासून म्हणाल्या. त्यात नावालाही खोट नव्हती.

"करून टाकू?" बाईंचं बोट बटणावर होतं. "सवलतीचं बुकिंग आहे, नंतर बदल होणार नाही."

तिघंही माझ्याकडे बघत होते.

"करा," मी म्हणाले.