तीन भरलेल्या बॅटऱ्या

वास आधी शीलाच्या लक्षात आला. नवऱ्याला, कुंदनला, कुशीवर वळवून ती खालची चादर ओढत होती, तेव्हा पलंगाखालून काहीतरी गोडसर, उतरलेल्या फळासारखं नाकात शिरलं. सासूबाई मंगलाबाई म्हणाल्या की सासऱ्यांनी, आबांनी, पिकायला ठेवलेल्या केळ्यांतलीच एखादी फणी खाली सरकली असेल. तापीकाठच्या त्या घरात केळी कुठेही सापडायची, म्हणून शीलाला ते पटलं. पण भिंतीकडे तोंड करून पडलेला कुंदन म्हणाला, "ती केळी नही. पेटी काढ."

पत्र्याची पेटी तिने बाहेर ओढली. आत त्याची रिमोटवर पळणारी शर्यतीची गाडी होती आणि तिच्या तीन बॅटऱ्या. दोन जशाच्या तशा होत्या. तिसरी पुरीसारखी टम्म फुगली होती आणि तिच्या एका कोपऱ्याला प्लास्टिक सुटलं होतं. शीलाने ती त्याच्या डोळ्यांसमोर धरली. त्याने एकदाच बघितली आणि सांगितलं, की तिन्ही बाहेर ने, घमेल्यात वाळू घालून त्यात वेगवेगळ्या ठेव, आणि कडुनिंबाखाली सावलीत, गुरांपासून लांब.

कुंदनचं शहाद्याला मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. विहिरीवरचे पंप जळायचे आणि तो त्यांच्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा. हात बारीक कामाला बसलेला. त्यातूनच या रिमोटच्या गाड्यांचा नाद लागला. त्याचा मित्र, नवापूरचा लखन, याने आपल्या कोंबड्यांच्या रिकाम्या पडलेल्या शेडमागे माती चोपून वळणावळणाचा ट्रॅक केला होता. सुरतेकडचेही चार-पाच जण रविवारी तिथे यायचे. घरच्यांना तो पोरखेळ वाटे, पण बाकी कसलं व्यसन नव्हतं म्हणून कोणी बोलत नसे.

थंडीतल्या एका रविवारी तो मोटारसायकलवरून शर्यतीला निघाला, आणि विसरवाडीच्या अलीकडे मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळला. मान मोडली. पाठीवरच्या पिशवीतल्या गाडीला ओरखडासुद्धा आला नाही. सुरतेच्या दवाखान्यातून त्याला घरी आणलं तेव्हा बोलणं शाबूत होतं, डोकं शाबूत होतं, आणि खांद्यांखाली काही नव्हतं. डॉक्टरांनी आबांना आणि शीलाला वेगळं बोलावून जे सांगायचं ते सांगितलं होतं. ते कुंदनपर्यंत जाऊ द्यायचं नाही असं दोघांनी दवाखान्यातच ठरवलं. त्याला सांगितलं, वर्षभरात हात यायला लागतील. मंगलाबाईंनाही तेच सांगितलं. त्यांनी ते खरं मानलं.

शर्यतीसाठी भरलेल्या त्या बॅटऱ्या तेव्हापासून तशाच पेटीत पडून होत्या, आणि आता चैत्राचं ऊन पत्र्यातून उतरत होतं. अशा बॅटऱ्या भरून ठेवायच्या नसतात. शर्यत झाली नाही तर त्यातली वीज काढून निम्म्यावर आणायची, तरच त्या टिकतात. नाहीतर फुगतात, कधी पेट घेतात. हे कुंदनच्या तोंडून ऐकल्यावर मंगलाबाईंचा धीर सुटला. "तापीमा फेकी दे त्यास्ले," त्या शीलाला म्हणाल्या. कुंदन म्हणाला की भरलेली बॅटरी टाकायची नसते, पाण्यातही नाही. आधी उतरवायची, रिकामी करायची. लखनला फोन लाव.

लखन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. अपघातानंतर पहिल्या दोन महिन्यांत तो बऱ्याचदा येऊन गेला होता, नंतर येणं कमी झालं होतं. तो पलंगापाशी खुर्चीवर बसला. त्याने त्यांचा जुनाच वाद काढला. बॅटरी उतरवणारा डिस्चार्जर कोणता घ्यायचा यावर दोघांचं मागच्या उन्हाळ्यात चांगलंच जुंपलं होतं. चार्जरमध्येच डिस्चार्जची सोय असते, पण ती इतकी हळू की एका बॅटरीला सगळा दिवस जातो. दुसरा उपाय लखनने स्वतः केला होता, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर ट्रकच्या हेडलाइटचे चार बल्ब. झटपट उतरवतो, पण थांबायचं त्याला कळत नाही. लक्ष चुकलं की बॅटरी पार तळाला जाते आणि मग ती पुन्हा भरत नाही. तिसरी म्हणजे विकतची मशीन. पंखा असलेली, आतल्या प्रत्येक सेलचं माप घेणारी, ठरवलेल्या ठिकाणी आपोआप बंद होणारी. कुंदन नेहमी त्या मशीनच्या बाजूने भांडायचा. बल्बवर बॅटऱ्या मारणाऱ्याने शर्यत खेळू नये, असं तो लखनला तोंडावर म्हणाला होता. ती मागवायची हे पक्कंही झालं होतं. तेवढ्यात अपघात झाला.

आता लखनने मोबाइलवर तीच मशीन काढून त्याच्यासमोर धरली. फुगलेली बॅटरी गेलीच, ती बल्बवर संपवू, तो म्हणाला. मशीन मी आजच मागवतो. ती येईपर्यंत बाकीच्या दोन मी घरी नेतो आणि चार्जरवर हळूहळू निम्म्यावर आणतो.

कुंदनने मोबाइलवरची मशीन नीट बघून घेतली. मग म्हणाला, "बल्बच लाव. तिन्हीस्ले."

"दोन चांगल्या शेतस, भो."

"कोनासाठे ठेवू त्या?"

लखनने मोबाइल खिशात टाकला. थोडा वेळ त्याने समजूत घातली, की वर्षाची तर गोष्ट आहे, नव्या बॅटऱ्या मिळायला किती त्रास पडतो. कुंदन पुन्हा तेच म्हणाला, बल्बच लाव. शेवटी लखन उठला आणि गाडीतून बल्बची पट्टी घेऊन कडुनिंबाखाली गेला.

फुगलेली बॅटरी त्याने वाळूतच राहू दिली आणि तिला एकच बल्ब जोडला, हळू उतरावी म्हणून. सगळ्यांना लांब उभं केलं. भर उन्हात बल्ब पिवळट दिसत होता. बऱ्याच वेळाने तो लालसर झाला आणि विझला. लखनने मीटर लावून बघितलं, तिची तार सोडवली, आणि दुसरी बॅटरी हातात घेतली. ती न जोडता तो तसाच बसून राहिला.

शीला पाण्याचा तांब्या घेऊन आली. ही तर चांगली आहे ना, तिने विचारलं. लखन हो म्हणाला. मग हिलाही बल्ब का, असं तिने विचारल्यावर त्याने आधी टाळाटाळ केली. मग सांगून टाकलं, की कुंदनने तसंच सांगितलंय, आणि यानंतर या कधीच भरता येणार नाहीत. तुम्ही नको म्हणालात तर मी थांबतो, वहिनी.

शीला तशीच आत गेली. मंगलाबाई मागच्या अंगणात होत्या. ती पलंगाच्या कडेला बसली.

"तुम्हले कोनी सांगं?"

"कोनी नही," कुंदन म्हणाला. "इतला महिना मी मन्हाच हात दखी ऱ्हायनू."

तिला वाटलं होतं आपण खोटं नीट सांभाळलंय. त्याची लघवीची नळी बदलताना, पाठीवरची जखम धुताना, पोळीचा घास भरवताना ती दर वेळी वर्षानंतरच्या गोष्टी बोलायची. दुकान पुन्हा उघडू, असं म्हणायची. तो हं म्हणायचा. तो तिच्यासाठी हं म्हणत होता हे तिला आत्ता कळलं. केव्हापासून माहीत आहे, तिने विचारलं. सुरतेहून निघालो तेव्हाच कळलं होतं, तो म्हणाला. परत येताना गाडीत ती आणि आबा पुढे बघत बसले होते, एकदाही मागे वळले नव्हते.

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात उतरायला लागलं. त्याला ते पुसता येत नव्हतं. शीलाने पदराने आधी त्याचं पुसलं, मग स्वतःचं. बाहेर लखन वाट बघतोय हे दोघांनाही माहीत होतं.

मग ती अंगणात गेली, लखनच्या हातातली बॅटरी घेतली आणि कुठली तार कुठे लावायची ते विचारलं. लाल लालला, काळी काळीला. जोडल्याबरोबर चारही बल्ब एकदम पेटले आणि त्यांची धग तिच्या चेहऱ्यावर आली. ती दोन पावलं मागे सरली. तेवढ्यात मंगलाबाई मागून आल्या. एवढा उजेड बघून त्यांना बरं वाटलं. लेकाची वस्तू चालू झाली असंच त्यांना वाटलं असावं. भरायला किती वेळ लागेल, असं त्यांनी विचारलं.

लखन जमिनीकडे बघायला लागला.

"भरी नही ऱ्हायनूत, आई," शीला म्हणाली. "रिकामी करी ऱ्हायनूत. आते त्या लागनार नहीत."

मंगलाबाईंना समजायला वेळ लागला. मग त्यांनी बल्बांकडे पाठ फिरवली, ओट्यावर जाऊन बसल्या आणि गुडघ्यांत डोकं घातलं. शीला तिसरी बॅटरी लागेपर्यंत तिथेच उभी राहिली. तिचेही बल्ब विझल्यावर लखनने तिन्हींच्या तारांची टोकं टेपने गुंडाळली आणि त्या आपल्याकडच्या भंगारात द्यायला घेऊन गेला. गाडीही ने, असं कुंदनने त्याला सांगितलं. लखन तयार नव्हता. शीलानेच पेटी उचलून त्याच्या डिकीत ठेवली.

कुंदनचे वडील लोटन आबा केळीच्या मळ्यातून संध्याकाळी परतले. ते रोज आले की हातपाय धुऊन कोमट तेल घेऊन लेकाच्या पलंगापाशी बसत आणि त्याची बोटं एकेक करून चोळत. चोळता चोळता विचारत, आज काही लागतं का, स्पर्श जाणवतो का. कुंदन कधी थोडं लागतं म्हणे, कधी उद्या बघू म्हणे. त्या दिवशीही त्यांनी उजवा हात मांडीवर घेतला आणि विचारलं.

"आबा, हात येनार नहीत," कुंदन म्हणाला. "तुम्हले माहीत शे. माले बी माहीत शे."

आबांचं चोळणं थांबलं. त्यांनी शीलाकडे बघितलं. ती दारात उभी होती, तिने नजर वळवली नाही. मंगलाबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत. तेल वाटीतच थंड होत गेलं. मग आबांनी बोटं पुन्हा तेलात बुडवली आणि लेकाचा अंगठा चोळायला घेतला. मग तर्जनी, मग मधलं बोट. नंतरही ते रोज चोळत राहिले. पण काही लागतं का, असं त्यांनी पुन्हा विचारलं नाही.