पापलेटांचा बर्फ

समुद्रकाठच्या पाली गावच्या मार्सेलिनला मासळी विकायला भाईंदरला जावंच लागे. तान्हा एडविन घरी सासूपाशी असे. मिशनच्या नर्सने दिलेल्या काचेच्या पंपाचा रबरी फुगा दाबून ती दूध काढी, उकळलेल्या बाटल्यांत भरी आणि घट्ट बूच लावून, दुसऱ्या दिवशीच्या विक्रीसाठी घरी ठेवलेल्या पापलेटांच्या पेटीत, बर्फात पुरून ठेवी.

"मासळीच्या बर्फात आईचं दूध? न्हाय चालायचं!" सासू पहिल्याच दिवशी फणकारली होती.

आज मार्सेलिन धापा टाकत घरी आली. एडविन पोटभर पिऊन झोपलेला. पेटीत उरलेली बाटली एकटीच ऐटीत बसलेली, आणि महागडी पापलेटं बाहेर टोपलीत!

"आई, मासळी का काढली?"

"बर्फ कमी पडत होता," सासू ताठ मानेने म्हणाली. "पयला मान माझ्या सुनेच्या दुधाचा हाय."