नऊ लाख फायलींचा घास

सकाळचे ऊन आधी खिडकीच्या गजांवर टेकले, मग कपाटाच्या काचेवर रेंगाळले आणि तिथून घरंगळत टेबलावरच्या चहाच्या कपापाशी आले. कपात कालची साय सुकून तिचे कातडे झाले होते. उन्हाला कशाचीच किळस नसावी; त्याने तीही सोनेरी केली. प्रोग्रामरने मात्र कप दूर सारला.

रुग्णालयाच्या संगणक कक्षात तो एकटक पडद्याकडे पाहत होता. तीन वर्षांच्या एक्स-रे चित्रांच्या नऊ लाख फायली शनिवारी नव्या सर्व्हरवर हलायच्या होत्या. नवे फोल्डर रिकामे होते, जुने उरलेच नव्हते, आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"काका, शनिवारची ड्यूटी तुमची!" विभागप्रमुख मॅडम दारातूनच कडाडल्या. "निवृत्तीला दोन महिने राहिले, म्हणून जाता जाता दिवे लावलेत?"

"मी फक्त याने लिहिलेली स्क्रिप्ट चालवली हो," ऑपरेटर काका म्हणाले. "सांग ना रे बाबा!"

"दोनशे फायलींवर तपासली होती," तो पुटपुटला. "नीट चालली होती."

"ऐकलंत?" मॅडम काकांना म्हणाल्या. "आता चौकशीला तोंड द्या."

त्याने स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या आज्ञांची फाइल, उघडली. पहिल्या ओळीत 'सगळ्या' असे सांगणाऱ्या एका स्टारच्या खुणेने नऊ लाख नावे एकदम कॉपीच्या आज्ञेच्या घशात कोंबली होती. एवढा घास तिला पेलेना; तिने एकही फाइल उचलली नाही. नावे मूठमूठ करून पुढे सरकवायची रीत त्याला ठाऊक होती; चार ओळी जास्त लिहायचा कंटाळा केला होता. आज्ञेने तक्रार केली असणार, पण पडद्यावर चुकांचे संदेश सांडलेले पाहून त्याला शिसारी येई, म्हणून ते परस्पर कचऱ्यात जातील अशी सोय त्यानेच करून ठेवली होती. दुसरी ओळ जुने फोल्डर पुसण्याची; पहिली फसली तरी ती चालणारच होती. तिला एकच नाव गिळायचे होते. तिने ते निमूट गिळले.

काल दुपारपासून तो मनाशी घोकत होता: काकांनी बटण दोनदा दाबले असेल, सर्व्हरच भिकार असेल.

"जाऊ द्या मॅडम," काका खालमानेने म्हणाले, "वय झालं. चुकलं असेल माझंच काहीतरी."

त्याने पडदा मॅडमकडे वळवला.

"काकांनी काही केलं नाही, मॅडम," तो म्हणाला. "फायली माझ्या स्क्रिप्टने पुसल्या."