अणूवालं स्थळ

अंथुर्ण्याच्या मोहनरावांनी नकार आधीच ठरवून टाकला होता. फक्त कारण सापडत नव्हतं. स्थळ बारामतीचं. मुलगा सुयोग, चांगला शिकलेला, शिवाय लेक छकुलीनं स्वतःच पसंत केलेला. नोकरी मात्र गुजरातेत आणि काम अणूचं. अणूचं नाव निघाल्यावर मोहनरावांना हायसं वाटलं. कारण आपल्या पायांनी घरी चालत आलं होतं.

मंडळी बघायला आली तशी, पोहे संपायची वाट न बघता त्यांनी तोफ डागली.

"तुमचं ते यंत्र फुटलं म्हंजी?"

"फुटत नाही काका," सुयोग म्हणाला. "तिथं अणू फोडत नाहीत, जोडतात. सूर्यात जोडले जातात तसे. जरा काही बिघडलं की सगळं आपोआप विझतं. पेटतं ठेवणं हीच आमची डोकेदुखी."

"म्हंजी इझल्या चुलीचा पगार घेता व्हय?"

सगळे हसले. सुयोगही हसला. तो रुसला असता तर मोहनरावांचं काम सोपं झालं असतं.

"आन् त्याची राख?"

"राख म्हणजे फुग्यात भरतात तो वायू. यंत्राचे आतले भाग मात्र किरणोत्सारी होतात. ते बरीच वर्षं जपून ठेवावे लागतात, ते काही लपवत नाही."

"मग माझ्या डाळिंबाच्या मोटरीला तुमची वीज कवा?"

सुयोगनं मान खाजवली. "सांगता येत नाही काका. मी निवृत्त होईपर्यंत आली तरी खूप झालं."

दिवसा वीज देतो म्हणणारे कितीतरी जण याच ओसरीवर चहा पिऊन गेले होते. 'सांगता येत नाही' म्हणणारा हा पहिलाच. असल्या पोराला कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं? मोहनरावांना त्याचा रागच आला.

दाराआडून छकुली बघत होती. तिला अणूची भीती नव्हती, आणि खरं सांगायचं तर मोहनरावांनाही नव्हती. शेतातून आल्यावर पाण्याचा तांब्या पुढं करून "आबा, आज उशीर?" म्हणून दरडावणारं माणूस घरातून जाणार, हे त्यांना सोसवत नव्हतं.

"अजून काय इचारायचं ऱ्हायलंय?" बनाबाईंनी नवऱ्याला विचारलं. साखरेची वाटी त्यांच्या हातात तयारच होती.

मोहनरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"गुजरात लई लांब हाय का रं?"

"आता इचारलंत खरं," बनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.