चिंबोरीच्या नांग्या

हिरव्या प्लास्टिकचं भिंग... भाविकाच्या गळ्यात लाल नाडीने लटकलेलं, आणि त्यातून ती एका वाळक्या पानाकडे श्वास रोखून बघत होती, पान कसलं तर तिवराचं! तिवराची पानं कमळाकरने या खाडीवर आयुष्यभर तुडवली, शेळ्यांपुढे टाकली, चुलीत सारली, पण त्यांच्यापुढे असं गुडघे टेकून बसायची वेळ कधी कुणावर आली नव्हती. आता त्याच पानाला भिंग. वा रे वा! उद्या शेणालाही लावतील.

रविवारची सकाळ होती, सीवूड्सच्या मागची खाडी. पाच-पाच, सहा-सहा वर्षांची बारा पोरं, सगळ्यांच्या पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट—चिखल बघायला आलेली आणि चिखल लागू नये म्हणून बूट घातलेली! प्रत्येकामागे एक आई नाहीतर बाप, त्यांच्या हातात मोबाइल. आणि सगळ्यांच्या पुढे विश्वजित सर. सर म्हणे! तिशीचंही नसेल पोरगं, विजारीला खिसेच खिसे, गळ्यात दुर्बीण, आणि बोलणं असं हळुवार की जणू खाडी आजारी आहे आणि हा तिच्या उशाशी बसलाय. 'निसर्गाशी दोस्ती' नावाचा त्याचा वर्ग, दर रविवारी. सून पायलने नातीचं, भाविकाचं, नाव घातलं होतं. पण आज पायलचं ऑफिसचं काम निघालं, मुलगा रूपेश उरणला कंटेनरच्या ड्युटीवर, तेव्हा पायल म्हणाली, "पप्पा, तुम्हीच जा ना हिला घेऊन. तुम्हाला काय टेन्शन, तुमचीच खाडी आहे." तुमचीच. ती सहज बोलून गेली, पण तो शब्द कमळाकरला रस्ताभर पुरला.

कारण महिनाभर त्या घरात दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. मुंगीवर पाय द्यायचा नाही, विश्वजित सर म्हणतात. गॅलरीत चिमण्यांसाठी वाटीत पाणी, विश्वजित सर म्हणतात. बरणीत ओल्या कापसावर मूग, आणि त्या मुगाला रोज सकाळी 'गुड मॉर्निंग'... निसर्ग म्हणे घरात आणायचा! कमळाकरच्या लहानपणी निसर्ग घरातच होता, आणि त्याला हाकलायला आई केरसुणी घेऊन बसायची. विंचू, घुशी, भरतीला उंबऱ्याशी येणारे पाणसाप. कुणी त्यांना गुड मॉर्निंग केलं नाही. पण हे सांगायचं कुणाला? त्याच्या चार मजली इमारतीत भाडेकरूसुद्धा नळ गळला तर रूपेशला विचारत. 'आजोबा म्हणतात' असं त्या घरात कुणी कधी म्हटलं नव्हतं. या पोरीने एकदा तरी म्हणावं—एवढ्यासाठीच तो आला होता, उगाच खोटं कशाला बोला.

"फ्रेंड्स," विश्वजित सर कुजबुजले, "आपण इथे कोण आहोत?"

"पाहुऽऽणे!" पोरं किंचाळली. दूरचे दोन बगळे उडून गेले.

पाहुणे! समोर तो बावीस मजली टॉवर उभा आहे ना, त्याच्या बुडाखाली आमचं भाताचं खाजण होतं, कमळाकर मनात म्हणाला, बांध फुटला की रात्रभर चिखल भरत उभा राहायचा माझा बाप... पाहुणा तू, तुझा बाप पाहुणा, तुझी ती दुर्बीण पाहुणी. आणि ही बायामाणसं माना डोलावतायत! सोसायटीत पाल निघाली तर माणूस बोलावणारी ही माणसं.

पोरांच्या हातात एकेक कागद होता, त्यावर चौकोन. पक्षी पाहिला. मुळं पाहिली. पान पाहिलं. खेकडा पाहिला. दिसेल त्यावर बरोबरची खूण करायची. तीन चौकोन झाले, पण खेकडा काही कुणाला दिसेना. विश्वजित सरांनी मोबाइलमध्ये भरती-ओहोटी पाहिली, चिखल पाहिला, पुन्हा मोबाइल पाहिला.

"आज खेकडे लाजतायत बहुतेक," ते हसून म्हणाले.

लाजतायत! अरे, आज अष्टमी, भांगाचं पाणी, ते काय पुरतं उतरतंय थोडंच—आणि तरी तुझ्या बुटापासून चार हातांवर बीळ आहे, तोंडाशी ताजा चिखल उपसलेला आहे, आंधळ्याला दिसेल. कमळाकरला बापाचा आवाज आला, अगदी कानाशी: तोंड आडवा हाय ना, मंग चिंबोरीचा. वाटोला असंल तं सापाचा, हात घालू नको, पोरा.

"भावू," तो म्हणाला, "खेकडा बघायचाय?"

तिने भिंग डोळ्यावरून काढलंही नाही. "आजोबा, सर म्हणाले ना, ते लाजतायत."

झालं. कमळाकरने चपला काढल्या, पँट गुडघ्यांवर दुमडली आणि तो बांधावरून खाली उतरला. "काका, काका, प्लीज, तिथे नका जाऊ—" विश्वजित सर मागून म्हणत राहिले. पोटरीपर्यंत चिखल. तीस वर्षं झाली होती. तीस वर्षं तो बाजारातून चिंबोऱ्या आणत होता, कोळणीशी हुज्जत घालत, दोरीने बांधलेल्या, आणि वर जावई-पाहुण्यांना सांगत होता की आम्ही म्हणजे हाताने काढायचो... त्या बढाईचीही त्याला आत्ता किळस आली. तो कुशीवर पडला. हात बिळात, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. गार, घट्ट चिखल. आणि मग बोटांना कवच लागलं, आणि बोटांना सगळं आठवलं. मागून धरायचं. पुढून नाही.

त्याने हात वर काढला तेव्हा त्यात पंज्याएवढी काळपट चिंबोरी होती, दोन्ही नांग्या उगारलेली.

"वॉऽऽव!" बारा पोरं. आणि भाविका—भिंग सुटलं होतं, तोंड उघडं होतं, आणि ती त्याच्याकडे बघत होती. चिंबोरीकडेही नाही, त्याच्याकडे. एवढंच तर हवं होतं. एवढंच.

आणि तेवढ्यात कडाक. कडाक.

त्याने ठरवलं नव्हतं. चिंबोरी हातात आली की आधी नांग्या मोडायच्या, नाहीतर ती बोट तोडते, हे शिकवावं लागत नाही. शिंकेला हात तोंडाशी जातो तसे हात गेले. दोन्ही नांग्या चिखलात पडल्या आणि तो टोपली शोधू लागला. टोपली! तेव्हा कुठे त्याचं पोरांकडे लक्ष गेलं. मग एक पोर रडलं, मग चार. कुणी तरी आई "ओ माय गॉड" म्हणाली.

बोला, आता बोला, त्याच्याकडे उत्तर तयार होतं—हॉटेलात बोटं चाटून खाता ती काय झाडाला लागते?—पण विश्वजित सर ओरडलेच नाहीत. ते पोरांसमोर उकिडवे बसले. "फ्रेंड्स, ऐका. हे आजोबा इथले मूळचे आहेत. त्यांच्याकडे पारंपरिक ज्ञान आहे. पूर्वी लोक असं अन्न मिळवायचे."

पूर्वी! माणूस समोर चिखलात जिवंत उभा, आणि पूर्वी! आणि पोरं नाक ओढत ओढत कागदावर खूण करू लागली. खेकडा पाहिला. एका बापाने कमळाकरचा फोटो काढला. शी! शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

भाविकाने खूण केली नाही. ती रडतही नव्हती. त्याने चिंबोरी खाली ठेवली. ती तिरपी तिरपी बिळाकडे निघाली, मध्येच थांबून त्याच्याकडे वळली आणि नसलेल्या नांग्या उगारून उभी राहिली.

परतताना ती त्याच्या पुढे दोन पावलं चालत होती. मग म्हणाली, "आजोबा, आता तो जेवणार कशाने?"

नव्या फुटतात गं, कात टाकली की फुटतात, हे त्याला ठाऊक होतं. पण त्याने मोडलेली एकही चिंबोरी कात टाकायला उरली नव्हती, सगळ्या कालवणात गेल्या होत्या... साठ वर्षांत हा प्रश्न त्याला पडला नव्हता, बापाला पडला नव्हता, आणि पडला असता तर घरात चूल पेटली नसती. हे पाच वर्षांच्या पोरीला कसं सांगायचं? आणि त्या विश्वजितला नावं ठेवून तरी काय सांगायचं? सकाळपासून तोंडात घोळवलेला तिरस्कार त्याने चाचपून पाहिला. होता, पण आता तो कुणावर टाकावा ते कळेना.

मोठा रस्ता आला. गाड्या सुसाट. त्याने बाटलीतल्या पाण्याने कधीचे धुतलेले हात पुन्हा पँटला पुसले आणि उजवा पुढे केला.

भाविकाने त्या हाताकडे पाहिलं. "हा नको," ती म्हणाली. "तो."

तो तिच्या दुसऱ्या बाजूला आला. तिने त्याचा डावा हात धरला, अगदी घट्ट, पूर्ण भरवशाने. एका हाताने चिंबोरी मोडत नाही. डाव्याने दाबून धरावी लागते. त्याने ते तिला सांगितलं नाही.