फाटक लागल्याचा आवाज

मित्रांनो, तुम्ही सायकलवरून याल, मला ढकलाल आणि पुढे निघून जाल. माझी ओळख कोणी विचारत नाही, आणि तेच बरे आहे. कारण ओळख सांगायची म्हटली की एक लाजिरवाणी गोष्टही सांगावी लागते. मी एक जुने लोखंडी फाटक आहे. आधी आगगाडीच्या वाटेवर होतो, आता सायकलींच्या वाटेवर आहे. आज मन घट्ट करून सगळे सांगतो.

साठ वर्षांपूर्वी रेल्वेच्या कारखान्यात मला ठोकून घडवले. वाल्देसेरेसा गावाबाहेर खेचरांच्या गाड्या रूळ ओलांडत, तिथे मला उभे केले. शेजारी दोन खोल्यांची दगडी चौकी होती. तिथे फर्मिना राहायची. तिचा नवरा रूळ तपासत मैलोन्‌मैल हिंडायचा आणि फाटक बायकोच्या हवाली असायचे. आमच्याकडे बहुतेक फाटकांवर बायकाच असत. चुलीवर चण्यांचे भांडे चढवलेले, कडेवर पोर आणि कान गाडीच्या शिटीकडे.

माझी खिट्टी खाचेत बसली की असा खणखणीत आवाज व्हायचा की फर्मिनाला बाहेर डोकावून खात्री करावी लागत नसे. एकदा तपासणीला आलेला साहेब म्हणाला, "बाई, तुमचं फाटक लागलं की पुढच्या स्टेशनात कळतं." त्या दिवसापासून मी जो फुगलो, तो फुगलोच. लोखंडाचा गुण कारखान्याचा, तेल फर्मिनाचे, आणि मिजास मात्र माझी.

मग एका वर्षी गाडी बंद झाली. रूळ उखडून नेले. फर्मिनाचा नवरा वारला, पोरे शहरांत गेली. माझ्या अंगावर काटेरी वेली चढल्या आणि कोंबड्या माझ्यावर बसून झोपू लागल्या. ज्याच्यापुढे गाव थांबायचे, त्याची ही दशा. पण खरे सांगतो, त्या वर्षांची मला लाज वाटत नाही. मी निरुपयोगी होतो, पण कोणाला फसवत नव्हतो.

काही वर्षांनी त्याच वाटेवर बारीक खडी अंथरली, बोगद्यात दिवे लावले आणि ती सायकलींसाठी खुली केली. चढ नाही, मोटार नाही, फक्त ओकची झाडे, शेळ्यामेंढ्यांच्या घंटा आणि दूरवर एखादी पांढरी वाडी. लांबलांबून लोक येऊ लागले. मला खरवडून हिरवा रंग दिला आणि वाटेवरच आडवे बसवले, कारण तिथे निकानोर धनगराचे कुरण संपते. शेजारी पाटी लावली, 'मेंढ्या आहेत, फाटक लावून जा.' फर्मिना आता सगळ्यांची मावशी झाली होती. सायकलवाल्यांना ती मातीच्या सुरईतले गार पाणी द्यायची. फाटकावर लक्ष ठेवायचे, या बोलीवर गावाने तिला चौकीत राहू दिले होते. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण त्याने काय बिघडते? ती बघत नव्हतीच. ती ऐकत होती.

आता लाजेची गोष्ट. दोन हिवाळ्यांपूर्वी माझी वरची बिजागरी झिजली आणि मी दोन बोटे खाली बसलो. खिट्टी खाचेत जाईना. खाचेच्या काठावर आपटून तिथेच टेकून राही. वारा सुटला की मी उघडा. अशा वेळी एखाद्या भल्या फाटकाने कुरकुरावे, रडावे, काहीतरी करावे. मी मात्र तोच जुना खणखणीत आवाज काढत राहिलो. मला तो आवाज फार आवडत होता, मित्रांनो.

यंदाच्या मार्च महिन्यातली दुपार होती. गाव जेवून पडले होते. सात-आठ सायकलवाले माझ्यातून गेले. शेवटच्या बाईने पाटी वाचली, सायकल झाडाला टेकवली आणि दोन्ही हातांनी मला नीट लावले. आवाज झाला. ती समाधानाने निघून गेली. आत खाटेवर पडलेल्या मावशीनेही तो ऐकला आणि कूस बदलली.

अर्ध्या तासाने वारा आला. मेंढ्या एकेक करून बाहेर पडल्या आणि वाटेने शांतपणे चालत राहिल्या. त्या वाटेवर घाबरावे असे काही नसतेच. पण दोन किलोमीटरवर वाट डांबरी सडकेला मिळते. तिथे दुधाची गाडी आली. सात मेंढ्या मेल्या. त्यांतल्या पाच गाभण होत्या.

दुसऱ्या दिवशी माझ्यापुढेच चौकशी झाली. सरपंच बेगोन्या आली होती, निकानोर होता आणि मावशी ॲप्रनला हात पुसत उभी होती.

"झोपली होतीस ना, मावशी?" निकानोर म्हणाला.

"पडले होते. कान जागे होते."

"कान जागे होते म्हणे. मग माझ्या मेंढ्या काय उडून गेल्या?"

"फाटक लागलं होतं, निकानोर. मी ऐकलं."

"तू काय, अजून आगगाड्याही ऐकत असशील."

सरपंच हळू आवाजात म्हणाली, "फर्मिनाबाई, तुम्ही एकोणऐंशीच्या आहात. शहरात, बादाखोसला तुमची भाची खोली द्यायला तयार आहे. रविवारपर्यंत आवरून घ्या."

"बरं," मावशी म्हणाली. मग म्हणाली, "ऐकण्यात चूक झाली असेल माझी."

साठ वर्षांत तिने असे कधी म्हटले नव्हते. मला तेव्हा जमिनीत गाडून घ्यावेसे वाटले. तिचे कान शाबूत होते. खोटे मी बोललो होतो.

शुक्रवारी निकानोर उरलेला कळप घेऊन आला. मेंढ्या आत गेल्यावर त्याने नेहमीप्रमाणे मला खांदा लावून वर उचलले, खिट्टी खाचेत दाबली आणि तो वळला. चार पावले गेला आणि थांबला. परत आला. या वेळी न उचलता त्याने मला नुसते लोटले. तोच खणखणीत आवाज झाला. त्याने एका बोटाने ओढले, आणि मी उघडलो. त्याने पुन्हा करून पाहिले. पुन्हा तेच.

मग त्याने चौकीचे दार वाजवले. आत मावशी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"मावशी, हे फाटक खाली बसलंय. दोन वर्षं येता-जाता मी ते उचलून लावतोय."

"दोन वर्षं?"

"सवय झाली होती गं. खांदा आपोआप जायचा. तुला सांगायचं राहूनच गेलं."

"आणि परवा माझ्यावर ओरडलास, तेव्हा?"

"तेव्हा आठवलंच नाही. खरंच नाही." त्याने टोपी काढली. "आज हात लागल्यावर आठवलं."

मावशीने हातातले भांडे खाली ठेवले. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? बेगोन्याला सांग. आणि चारचौघांत सांग, ओरडलास तसाच."

तो गेला आणि त्याने सांगितले. दुपारच्या वेळी भरलेल्या खानावळीत उभा राहून सांगितले, असे पुढे लोकांच्या बोलण्यात आले. मावशीची भांडी वर्तमानपत्रांतून पुन्हा बाहेर निघाली. सोमवारी लोहार आला आणि मला नवी बिजागरी मिळाली.

म्हणून मित्रांनो, माझे एवढे ऐका. घरातली एखादी वस्तू तुम्हाला रोज उचलून, दाबून, चापट मारून चालवावी लागत असेल, तर ती चालत नाही, तुम्ही तिला चालवता. तुमच्यानंतर जो तिला हात लावणार आहे, त्याला ते ठाऊक नसते. त्याला सांगा, आणि तिला दुरुस्त करा. आमच्यासारख्या वस्तूंना आपणहून खरे बोलायचे धैर्य नसते.

आता माझी खिट्टी पूर्वीसारखी खाचेत बसते. आवाजही पूर्वीचाच आहे, आणि आता तो खरा आहे. पण सायकलवाले गेले की मावशी दुपारचीसुद्धा काठी टेकत बाहेर येते, माझी वरची पट्टी धरते आणि मला दोनदा हलवून बघते.